शुक्रवारची तयारी

भिंगरी हे नाव तिला वडिलांनी ठेवलं होतं आणि ते लाडाचं होतं. सहा वर्षांची असताना ती एका जागी बसून पेलाभर दूध संपवत नसे. पेला टेबलावर, मुलगी गच्चीवर, मग मुलगी जिन्यात आणि दुधावर साय. वडील हसायचे आणि म्हणायचे, "आमच्या भिंगरीला कुणी दोरी गुंडाळून सोडलीय कोण जाणे." वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. भिंगरी आता बेचाळीस वर्षांची होती. नाव राहिलं होतं, त्यातला लाड मात्र कधी गळून गेला ते कुणाला कळलंही नाही.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या लॅबमध्ये त्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवायचं काम तिच्याकडे होतं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतर लोक दात कसे शिस्तीत, शाळेतल्या रांगेसारखे लावायचे. भिंगरी आधी डॉक्टरांकडे पेशंटचा जुना, हसतानाचा फोटो मागायची. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या पुढच्या दोन दातांत तिने फोटोत होती तेवढीच फट ठेवली होती. कवळी घालून मास्तर घरी गेले तेव्हा त्यांची बायको नुसती बघत राहिली म्हणे.

कामात बुडाली की भिंगरीला तहान-भूक कळत नसे. पण त्या टेबलावरून उठली की तेच डोकं तिच्या हातात राहत नसे. भावाच्या लग्नाच्या फोटोत ती नाही, कारण फोटोच्या वेळी ती कुणासाठी तरी सेफ्टी पिन आणायला गेली होती आणि वाटेत तिला एका दुकानात जुनी कुलपं दिसली होती. आईचा हात मोडला तेव्हा "मंगळवारी नक्की येते" म्हणाली आणि आलीही मंगळवारीच, पण पुढच्या. त्यावर घरात आधी हसून झालं, मग बोलून झालं, आणि मग काहीच झालं नाही. हे काहीच न होणं सगळ्यात वाईट होतं. तिला कुणी काही करायला सांगेनासं झालं.

गेल्या वर्षी एकाच महिन्यात तीनदा तिची भांडी जळली. आपल्याला विसरायचा आजार लागला या भीतीने ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन तास तिच्या लहानपणाबद्दलच विचारलं आणि शेवटी सांगितलं की हा विसरायचा आजार नाही, याला एडीएचडी म्हणतात, हे पहिल्यापासूनच आहे, फक्त कुणी ओळखलं नाही. लक्ष कमी नाही, लक्षाचा लगाम सैल आहे, असं त्या म्हणाल्या. भिंगरी बाहेर येऊन एका बाकावर बसली आणि तिला रडू आलं. ते दुःखाचं होतं की सुटकेचं, तिलाही सांगता आलं नसतं. त्या संध्याकाळी तिने भावाला फोन केला. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान, आईजवळ राहणारा, एका छापखान्यात पाळीचा प्रमुख. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. गोळ्या वेळेवर घे." त्याने आणखी काही विचारावं म्हणून ती थोडा वेळ फोन कानाला लावून थांबली होती. मग मागे कुठलंसं मशीन सुरू झालं आणि त्याने फोन ठेवला.

म्हणून आईच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "शुक्रवारी आईजवळ मी बसते. तू कामावर जा, रजा घालवू नकोस."

मग भाऊ म्हणाला, "बरं, ताई."

त्या "बरं"वर भिंगरीने महिनाभर घाम गाळला. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं की मोठ्या कामाचे इतके बारीक तुकडे करायचे की प्रत्येक तुकडा करताना विचारच करावा लागू नये. तिने एक मोठा कागद घेतला आणि तक्ता केला. गुरुवारी संध्याकाळी सहाला बॅग खाली काढायची. सव्वासहाला कपडे. साडेसहाला गोळ्या, चार्जर, चष्मा. सातला घराची किल्ली डाव्या खिशात. सव्वासातला बाहेर, पावणेआठची बस, सव्वादहाला आईच्या घरी. शुक्रवारची पानं वेगळी होती. कागद तिने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. आदल्या रविवारी ती बस-स्थानकावर जाऊन आपली बस कुठल्या फलाटावर लागते ते बघूनही आली, आणि रिकाम्या फलाटावर पाच मिनिटं उभी राहून परतली. लॅबच्या मालकीणबाईंना तिने तीन आठवडे आधी रजा सांगितली, हातातल्या कवळ्या वेळेआधी संपवल्या. हे सगळं ती एकटीच करत होती आणि एकटीलाच माहीत होतं. सांगावंसं वाटे, पण कुणाला सांगणार? मोठ्या बाईने बस पकडायची तयारी केली, यात सांगण्यासारखं ते काय.

बुधवारी सकाळी अकराला लॅबमध्ये तिचा फोन वाजला. हातात मेणाची सुरी होती.

"ताई, आईचं ऑपरेशन आजच करतायत," भाऊ म्हणाला. "डॉक्टरांना परवापासून कुठंतरी जायचंय. दुपारी चारला घेणार. मी आहे इथं. तू धावपळ करू नकोस, तुला नुसतं कळवलं."

"मी येते," भिंगरी म्हणाली.

"अगं, खरंच नको. मी आहे."

"साडेबाराची बस आहे. तीनपर्यंत पोचते. येते मी."

मालकीणबाई लगेच जा म्हणाल्या. तिचं अर्धं राहिलेलं काम शेजारच्या टेबलावरच्या प्लास्टरकाकांनी न विचारता स्वतःच्या टेबलावर ओढून घेतलं. हे काका साठीचे होते, लॅबमध्ये साचे ओतायचे आणि फारसे कधी बोलायचे नाहीत. भिंगरी वीस मिनिटांत घरी पोचली. म्हणजे इथवर सगळं ठीक होतं, आणि वेळही होता.

पण आत येऊन दार लावल्यावर समोर तो तक्ता होता आणि तक्ता गुरुवारी संध्याकाळी सहाला सुरू होत होता. बुधवारी पावणेबाराला काय करायचं ते त्यावर कुठंच लिहिलं नव्हतं.

बॅग कपाटावर होती. ती काढायला स्टूल हवं. स्टुलावर धुतलेले कपडे पडले होते. कपडे पलंगावर ठेवावेत तर पलंगावर रविवारपासून वाचायला काढलेले कागद. त्या कागदांत ऑपरेशनची माहिती होती, ती बरोबर न्यायची की नाही? न्यायची तर कशात, बॅग तर वर आहे. तिने कपडे उचलले, परत ठेवले. चार्जर आठवला म्हणून स्वयंपाकघरात गेली, तिथं सकाळचा कप दिसला, तो विसळला आणि आपण इथं का आलो ते विसरली. परत बाहेर आली. बूट तरी घालून ठेवावेत म्हणून खाली बसली. एक बूट घातला. आणि तिथंच बसून राहिली.

लोक याला आळस म्हणतात. तिनेही स्वतःला आयुष्यभर तेच म्हटलं होतं. पण आळशी माणूस आरामात तरी असतो. तिच्या डोक्यात दहा माणसं एकदम बोलत होती, ऊठ, बॅग, बस, आई, किल्ली, ऊठ, आणि हातपाय यातल्या कुणाचं ऐकायचं ते न कळून गप्प बसले होते. घड्याळ समोरच होतं. बारा वाजलेले तिला दिसले. सव्वाबाराही दिसले. साडेबारा वाजले तेव्हा आपली बस आता फलाटावरून मागं वळत असेल हे तिला अगदी स्वच्छ दिसलं, आणि तरीही दुसरा बूट हाताच्या अंतरावर तसाच पडून राहिला. महिनाभर केलं ते सगळं पाण्यात. ये रे माझ्या मागल्या. रडूही येत नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा दबका आवाज येत होता.

एक वाजून गेल्यावर तिने फोन उचलला. भावाला करायची हिंमत नव्हती. मैत्रीण म्हणावी असं कुणी राहिलं नव्हतं. वेळ देऊन न गेल्यामुळे मैत्रिणी एकेक करून गळाल्या होत्या. यादीत भावाच्या खाली लॅबचा नंबर होता, तोच तिने दाबला. प्लास्टरकाकांनी उचलला.

"बस मिळाली?"

"नाही," ती म्हणाली. "काका, मी घरीच आहे. एक बूट घातलाय."

काय झालं, का, कसं, असं त्यांनी काहीच विचारलं नाही. तिला नंतर अनेकदा याचंच नवल वाटलं.

"पुढची बस किती वाजता?"

"दोनला."

"मग दुसरा बूट घाल."

तिने घातला.

"घातला?"

"हो."

"आता काय राहिलं?"

"बॅग वर आहे. स्टुलावर कपडे आहेत."

"बॅग नको. हाताशी पिशवी असेल ती घे. स्टुलावरचे कपडे आहेत ना, त्यातलेच दोन कोंब तिच्यात. बघू नको कुठले ते."

ती हसली असती, पण तेवढा वेळ नव्हता.

"फोन ठेवू नकोस," काका म्हणाले. "मला साचे ओतायचेत, मी बोलणार नाही. तू तुझं कर, मी माझं करतो. अडलीस की सांग."

मग फोन टेबलावर उताणा पडून राहिला आणि त्यातून पाण्यात प्लास्टर घोटण्याचा, वाटी टेबलावर आपटण्याचा आवाज येत राहिला. भिंगरीने पिशवी भरली. गोळ्या घेतल्या. एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात अडखळली, तेव्हा फोनमधून काकांचं खोकणं आलं आणि तिला चार्जर आठवला. एक वाजून चोवीस मिनिटांनी ती म्हणाली, "काका, निघाले." काका म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. या माणसाशी तिचं अकरा वर्षांत कामापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

दोनची बस मिळाली. तिने भावाला निरोप पाठवला, "दोनच्या बसने निघालेय." उत्तर आलं, "ठीक. सावकाश ये." ते तिने सहा-सात वेळा वाचलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. आपण सावकाश गेलो काय आणि गेलोच नाही काय, तिथं काही अडत नव्हतं, एवढंच त्यात होतं. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. अडीच तास ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि चार वाजले तेव्हा घड्याळाकडे न बघता तिला ते कळलं.

दवाखाना डोळ्यांचाच होता, लहान. पहिल्या मजल्यावर खिडकीशी टेकून बसायच्या खाटेवर आई होती, डाव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक झाकणी चिकटवलेली. तिचा हात हातात घेऊन बाजूच्या खुर्चीवर शेजारच्या मावशी बसल्या होत्या.

"आलीस?" आई म्हणाली. "बस मिळाली ना नीट?"

"मिळाली. दुखतंय का?"

"छे. मुंगी चावल्याइतकंही नाही. सगळं निळं निळं दिसत होतं आत."

मावशी उठायला लागल्या. "ये, बस तू इथं. मी काय, सहज आले होते." मग त्या मायेने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा भाऊ फार काळजीचा गं. मला महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं त्याने, शुक्रवारी सकाळी आठला तयार राहा म्हणून. आज म्हणाला, मावशी, शुक्रवारचं आज झालं. मी म्हटलं, मला काय, मी मोकळीच."

मावशींच्या मनात काही नव्हतं. त्यांनी आपली पर्स उचलली, थर्मास खाटेखाली सरकवून ठेवला आणि त्या गेल्याही. भिंगरी त्यांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून ऊबदार होती.

महिन्यापूर्वी. म्हणजे तिने फोन केला त्याच आठवड्यात. ती तक्ता आखत होती, फलाट बघायला जात होती, आणि इकडे तिच्या न येण्याची तयारी तिच्या तयारीइतकीच व्यवस्थित चालली होती. आजच्या गोंधळामुळे तिची जागा गेली नव्हती. ती जागा तिची कधी नव्हतीच.

भाऊ औषधं घेऊन वर आला. आईचा डोळा लागला होता, म्हणून दोघं बाहेर पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिली.

"मावशींना तू महिन्यापूर्वीच सांगितलं होतंस," ती म्हणाली.

त्याने नाकारलं नाही. "हो."

"मी येणार नाही हे धरूनच चालला होतास."

"तसं नाही. तू आली असतीस तर मावशींना नको म्हणालो असतो. पण ऐनवेळी आई एकटी पडायला नको होती मला."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? तुझ्यावर भरवसा नाही म्हणून?"

तो हातातली औषधाची पिशवी उगीच उघडून बघत होता. मग त्याने विचारलं, "आज काय झालं? रस्त्यात अडकलीस?"

हो म्हणणं सोपं होतं. बस उशिरा सुटली, वाटेत पंक्चर झाली, अशी कारणं तिला आयुष्यभराच्या सरावाने तोंडपाठ होती.

"नाही," ती म्हणाली. "घरीच होते. एका पायात बूट घालून तासभर बसून राहिले."

"तासभर? कशासाठी?"

"कशासाठीच नाही. तेच तर मी तुला वर्षभर सांगायला बघतेय. मी शुक्रवारची तयारी केली होती. बुधवार आला आणि मला काही हलवताच येईना."

"असं थोडंफार सगळ्यांचंच होतं, ताई."

"होत असेल. पण सगळ्यांच्या भावांना शेजारणीला सांगून ठेवावं लागत नाही."

तो भिंतीजवळच्या बाकावर बसला. चाळीशीच्या आतच त्याचे केस कानाजवळ पांढरे झाले होते, आणि हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

"मी चौदा वर्षांचा असल्यापासून प्रत्येक ठिकाणी दोन जागा धरतोय," तो हळू म्हणाला. "एक तुझ्यासाठी आणि एक तू आली नाहीस तर जो येईल त्याच्यासाठी. बाबा असताना तेही हसायचे. मग हसणारं कुणी राहिलं नाही. मी दमतो गं."

त्याचं चुकलं होतं असं तिला म्हणता येईना, आणि आपलं चुकलं असंही म्हणवेना. ती त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या मध्ये औषधाची पिशवी होती. मग आत आईला जाग आली.

ती रविवारपर्यंत राहिली. गुरुवार औषधाच्या थेंबांत गेला. दोन बाटल्या, दोन्हींच्या वेळा वेगळ्या, आणि मध्ये पाच मिनिटं सोडायची. भाऊ सकाळी सातला कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात दोघीच, आणि आईला फार बोलायची सवय नव्हती.

शुक्रवारी सकाळी सातला भिंगरीचा फोन वाजला. तिने बंद केला. सव्वासातला परत वाजला. साडेसातला पुन्हा.

"काय गं सारखं वाजतंय?" खाटेवरून आईने विचारलं. "कुणाचा फोन आहे?"

"कुणाचा नाही. आजच्या दिवसाचे गजर लावून ठेवले होते मी. काढायचे राहिले."

"आजचे म्हणजे?"

"आज ऑपरेशन होतं ना."

आई उशीला टेकून बसली. "वाच बघू काय लावलंयस."

"राहू दे, आई."

"वाच. मला तरी कुठं काही वाचता येतंय."

म्हणून ती वाचायला लागली. प्रत्येक गजराला तिने नाव दिलं होतं. सात, ऊठ, आंघोळ, केसांत वेळ घालवू नकोस. सव्वासात, आईला उठव, उपाशीपोटी न्यायचंय ते विसरू नकोस. साडेसात, जुने रिपोर्ट पिशवीत, निळी फाईल. पावणेआठ, टॅक्सी बोलाव. आठ, निघा. जिन्यात आईचा हात धर, डावीकडून. वाचताना तिचं तिलाच लाजल्यासारखं होत होतं. आवाज खाली खाली जात होता. सव्वाआठ, नाव नोंदव. आठ पंचवीस, आईचे कानातले काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात, कप्प्याची चेन लाव.

"कानातले तर परवा मीच काढले," आई म्हणाली. "मावशींच्या लक्षातच नव्हतं."

भिंगरी थांबली.

"आणखी?"

"एकच आहे. आठ चाळीसचा. आईला आत नेलं. आता काही करू नकोस. नुसती बस."

आई उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघत होती. त्या डोळ्यातही मोतिबिंदू होता, त्यामुळे तिला मुलगी किती दिसत होती कोण जाणे.

"एवढं सगळं केलं होतंस?"

"हो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं आणि मग नसतंच जमलं तर?"

समजूत घालायचा आईचा स्वभाव नव्हता. तिने पांघरूण सारखं केलं, पाय जरा पलीकडे घेतले आणि खाटेच्या कडेला हाताने थोपटलं.

"मग बस की," ती म्हणाली.

भिंगरी बसली. आईने डोळा मिटला, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. पावणेआठचा गजर वाजायच्या आत तिने तो बंद केला, मग आठचा, मग पुढचे सगळे. आठ चाळीस झाले तेव्हा ती तिथंच होती. कुणी डॉक्टर नव्हते, कुणी नाव पुकारत नव्हतं. खाली रस्त्यावर एक गाडी मागं घेताना सारखी पीं-पीं करत होती. ज्या दिवसासाठी तिने महिना घातला तो दिवस असा कुणाच्या खिजगणतीत नसताना आला आणि हळूहळू दुपारकडे सरकला.

शनिवारी तिच्या हातून एक वेळ चुकलीच. आईच्या शिवणाच्या डब्यात वडिलांच्या जुन्या कोटांची बटणं सापडली आणि ती रंगांप्रमाणे लावण्यात चाळीस मिनिटं गेली. थेंब राहिले. ते लक्षात आलं तोच भाऊ कामावरून आला, आणि तिने ते आधी सांगून टाकलं. तो रागावेल या तयारीने ती उभी होती. त्याने थेंबांच्या वेळांचा कागद बघितला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आता घाल. काही होत नाही." आई पलीकडून म्हणाली, "चाळीस मिनिटांत डोळा काही पळून जात नाही." तिघंही जेवायला बसली तेव्हा फार नाही, पण थोडं बोलणं झालं. छापखान्यातल्या नव्या मशीनबद्दल, मास्तरांच्या दातांमधल्या फटीबद्दल. फट मुद्दाम ठेवतात हे भावाला माहीत नव्हतं. तो दोनदा म्हणाला, "मुद्दाम?"

रविवारी दुपारी तो तिला बसपर्यंत सोडायला आला. बस लागलेली होती, सुटायला दहा मिनिटं होती. दोघं खिडकीखाली उभी राहिली.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख दोन महिन्यांनी देतील," तो म्हणाला.

"मी येईन."

त्याने मान हलवली. मग जरा चाचरत विचारलं, "मावशींना सांगून ठेवू?"

लागलं तिला ते. पण या वेळी त्याने तिला विचारलं होतं, आणि विचारताना तो तिच्याकडे बघत होता.

"सांग," ती म्हणाली. "आम्ही दोघी बसू. आणि तारीख बदलली तर मला फोन कर. पण कळवून लगेच ठेवू नकोस. मी घराबाहेर पडेपर्यंत चालू ठेव."

"आणि बोलू काय तेवढा वेळ?"

"काही बोलू नकोस. तुझं काम करत राहा."

"मशीनचा आवाज फार असतो गं तिथं."

"असू दे."

"बघतो," तो म्हणाला. हो म्हणाला नाही. उगीच हो म्हणणाऱ्यांतला तो नव्हता.

ड्रायव्हर आला. भिंगरी चढली आणि खिडकीची जागा धरून बसली. बस निघाली तेव्हा भाऊ हात हलवत नव्हता. दोन्ही हात खिशात घालून तो वळणापर्यंत बसकडे बघत उभा होता. मग मध्ये दुसरी बस आली आणि तो दिसेनासा झाला. आतमध्ये सगळे मिळून आठ-नऊ प्रवासी होते, प्रत्येक जण आपापल्या खिडकीशी. तिने पिशवी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली, आणि थोड्या वेळाने, कुणी आलंच तर जागा असावी म्हणून, उचलून मांडीवर घेतली.